घेरवाडीवरचा पाचवा खांब

आकारामनं फौजेत बंदूक कमी आणि दुर्बिणी जास्त हाताळल्या. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तेवीस वर्षं दुर्बिणी आणि अंतर मोजायची यंत्रं खोलायची, पुसायची, पुन्हा जुळवायची, हेच त्याचं काम. पेन्शनीवर पाटणच्या डोंगरातल्या गावी परतला तेव्हा ट्रंकेत एक जुना रशियन कॅमेरा होता, रीळ घालायचा. त्या कॅमेऱ्याला परक्या कंपन्यांच्या जुन्या लेन्स बसवायचा त्याला नाद लागला आणि पुढं त्याचाच धंदा झाला. पुण्याबेंगळुरूचे हौशी लोक कुरिअरनं लेन्स पाठवायचे. बायको सुलाबाई म्हणायची, "एकाच्या तोंडाला दुसऱ्याचं डोळं लावत बसलाय."

काम मोठं नाजूक. असल्या कॅमेऱ्याच्या खिडकीत एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकमेकीवर आणल्या की नेम बसला. पण लेन्स परकी असली की तिची मागची शेपटी कॅमेऱ्यातल्या नेमाच्या दांडीला हवी तेवढी ढकलत नाही. खिडकीत नेम बरोबर दिसतो, फोटो मात्र धूसर येतो. म्हणून मिरजेत मल्हारच्या लेथवर लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पितळी रिंग कातून आणायची, शेपटी कानशीनं घासायची, आणि सगळ्यात आधी लांबची वस्तू स्वच्छ येते का ते बघायचं. त्यासाठी आकारामच्या अंगणासमोर, दरीपलीकडच्या उतारावर, विजेचे पाच खांब होते. आठ वर्षं प्रत्येक लेन्सचा पहिला फोटो त्यांचाच. उताराखाली घेरवाडीची अकरा घरं. त्यांतल्या एकात त्याची विधवा बहीण मनुबाई राहायची आणि शेजारी तिचा दीर नाथाजी.

मार्चमध्ये एका जर्मन लेन्सच्या फोटोत कडेचा पाचवा खांब कललेला आला. आधी कुणीतरी लेन्स खोलून आतली काच वाकडी बसवली असणार, असं त्याला वाटलं. मग जपानी लेन्स लावली. खांब तसाच. आता रिंगेवर संशय आला. एसटीनं मिरज गाठली. मल्हारनं रिंग लेथवर चढवून वाकडेपणा मोजायचा काटा लावला. काटा हलला नाही.

"काका, रिंग सरळ हाय. तुमचा खांबच वाकडा असंल," तो हसत म्हणाला.

आकारामही हसला. कराड येईपर्यंत मात्र त्याचं हसू मावळलं होतं.

घरी येऊन त्यानं आठ वर्षांच्या निगेटिव्ह काढल्या. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि लेन्सचं नाव होतं. एकेक पट्टी खिडकीच्या काचेला धरून तो बघत गेला. लेन्स बदलली की चित्र लहानमोठं होतं, पण खांबाचा कल तिच्यानं बदलत नाही. पहिली दोन वर्षं खांब ताठ होता. तिसऱ्या वर्षी किंचित हलला होता. गेल्या दिवाळीनंतर तर त्याच्या शेजारचं ऐनाचं झाडही त्याच अंगाला झुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो उतारावर चढला. करवंदीच्या जाळीमागं जमीन फाटली होती, वीतभर रुंद. दगड टाकला तर तो तळाला पोचल्याचा आवाजच आला नाही.

"मने, पावसाच्या आत हितनं हल," त्यानं बहिणीला सांगितलं.

"खांब वाकला म्हणून घर सोडू? दादा, लोक हसतील."

लोक हसलेच. तालुक्याला अर्ज दिला. एक साहेब आला, मोबाइलवर दोन फोटो काढून गेला, पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. आकाराम दर सोमवारी एकाच लेन्सनं फोटो काढत राहिला. दर सोमवारी खांब थोडा आणखी झुकलेला. रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष नसे. सुलाबाईनं विचारणं सोडून दिलं.

आषाढात चार दिवस पाऊस हटला नाही. पाचव्या दिवशी उघडीप पडली, ऊनसुद्धा आलं. दुपारी मनुबाईचा फोन आला, झऱ्याला चहासारखं गढूळ पाणी येतंय. आकारामनं अंगणातून पाहिलं. खांबांमधल्या तारा ताणून ताठ झाल्या होत्या.

तो धावतच घेरवाडीत पोचला. ओरडून सांगितलं, पण कुणी उठेना. मग त्यानं मनुबाईची म्हैस दाव्यासकट सोडली आणि ओढत उतारापासून दूरच्या शाळेकडं चालू लागला. मनुबाई शिव्या देत मागं आली. तिला बघून बायका पोरांना घेऊन निघाल्या, पुरुष निघाले. तासाभरात अकराही घरं मोकळी झाली.

शाळेच्या ओट्यावर म्हैस हंबरायला लागली. मनुबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, रेडकू गोठ्यातच ऱ्हायलं!"

"आत्ता आणतो वैनी," म्हणत नाथाजी पळाला. आकारामनं हाक मारली, "नाथाजी, थांब रं!" तोवर तो वळणाआड गेला होता.

आवाज आधी पायांना कळला. मग उतार खाली सरकला, झाडं उभीच्या उभी चालत आल्यासारखी. धुरळा बसला तेव्हा समोर नुसती लाल माती होती.

नाथाजी तिसऱ्या दिवशी मातीखाली सापडला. आता तालुक्याचे लोक आकारामच्या निगेटिव्ह मागून घेऊन गेले. गावात कुणी त्याला हसत नाही. मनुबाई त्याच्याच घरी राहते, सुलाबाईशी बोलते, त्याच्याशी नाही. त्यानंही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. म्हैस त्यानंच सोडली होती, रेडकू त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

कार्तिकात पलीकडच्या खोऱ्यातला हरिबा नावाचा माणूस आला. "आमच्या वाडीवरबी भेग पडलीया म्हणत्यात. तुमी येऊन फोटू काढा."

आकारामनं विचारलं, "जनावरं किती हायत?"

"जनावरांचं काय? माणसांसाठी बोलवतोय मी."

"आदी जनावरं हलवा. रेडकं, वासरं, करडं, एकूण एक. मग मला बोलवा."

आत भाकरी थापणारा मनुबाईचा हात थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.