काचेतली निळी रेघ

प्रयोगशाळेत त्याला सगळे थेंबेराव म्हणत. थंड आम्लात दुसरं द्रव्य थेंब थेंब सोडताना तो असा काही हरवून जाई, की बाकीच्यांचा चहा, गप्पा सगळं उरके आणि याचा थेंब नळीच्या टोकाशी लोंबतच असे.

"अहो, झोपलात की काय?" कोणीतरी विचारी.

"छे, बघतोय," तो म्हणे.

त्या दिवसांत तो कुमारिनच्या घराण्यातलं एक संयुग बनवत होता. कार्बनच्या कड्यात एक ऑक्सिजन घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसलेला, असं हे घराणं. तयार मिश्रण बर्फावर ओतलं की धुकं खाली बसावं तसं काहीतरी पांढरं तळाशी उतरे. ते गाळून, गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून निवू दिलं की स्फटिकांच्या बारीक सुया धरत. त्यातली चिमूटभर क्षाराच्या पाण्यात टाकून तो अतिनील दिव्याखाली धरी. पाणी निळं उजळे, आणि आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी उभे आहोत असं त्याला वाटे.

अंगणापलीकडच्या खोलीत काचकाम करणारी बाई होती. प्रयोगशाळेची सगळी उपकरणं तीच फुंकून बनवी. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. पण अलीकडे तिचे चंबू दगा देत होते. दिसायला धड, तापवले की टचकन तडकत. थेंबेराव असाच एक फुटका चंबू घेऊन गेला, तेव्हा ती भट्टीकडे बघत म्हणाली, "माझ्या हातातलं कसब गेलं बहुतेक. वडिलांचं नाव घालवणार मी."

तो गेला आणि निळ्या पाण्याची बाटली आणि दिवा घेऊन परत आला. "पडदे ओढता का जरा?"

भर दुपारी खोलीत अंधार झाला. तिच्या नव्या चंबूंवर त्याने ते पाणी फिरवलं, फडक्याने स्वच्छ पुसलं आणि दिवा लावला. काच दिसेनाशी झाली. नळी जोडलेल्या जागी, नजरेला न दिसणाऱ्या तड्यात शिरलेल्या पाण्याची, केसाएवढी निळी रेघ तेवढी तरंगत राहिली. दुसऱ्या चंबूतही तिथेच. तिसऱ्यातही.

"हात उत्तम आहे तुमचा," तो म्हणाला. "भट्टीतून लवकर बाहेर काढताय. निवू देत नाही."

"मागणी केवढी आहे! थांबायला वेळ कोणाला आहे इथे?"

"मला आहे."

ती खळखळून हसली. त्याने विनोद केलाच नव्हता.

तिने नवा चंबू भट्टीत ठेवला आणि आच हळूहळू उतरवत नेली. तो शेजारी स्टुलावर बसला. लहानपणी ती याच भट्टीच्या उबेला झोपे आणि स्वप्नात वडिलांच्या फुंकरीने सारं घर फुगत जाई, पारदर्शक होई, हे ती सांगत राहिली.

"माझ्या स्वप्नात ती कार्बनची कडी फिरतात," तो म्हणाला. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "त्यातला ऑक्सिजन मला हाक मारतो."

"काय म्हणतो?"

"घरी जा म्हणतो. उशीर झाला."

"मग जाता का?"

"आज नाही."

सकाळी तेच पाणी फिरवून पुसल्यावर दिव्याखाली तो चंबू अंधारात नुसता नाहीसा झाला. "काहीच दिसत नाही हो!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

रविवारी तो तिला घरी घेऊन गेला. आई आणि ती स्वयंपाकघरात अशा काही रंगल्या, की बाहेर बसलेल्याला पाणी द्यायचंही दोघी विसरल्या. मग आईच दारात आली आणि हळूच म्हणाली, "ही राहू दे रे आपल्याकडे."

आणि ती राहिली.