गिटारचा पंचनामा

बाजार खुला झाला तेव्हा आमच्या शहरातल्या दुकानदारांनी सर्वांत आधी काय खुले केले असेल, तर खोटे बोलण्याचे दार. पूर्वी माल कमी होता आणि दुकानदार उर्मट होता. आता माल उदंड झाला आणि दुकानदार गोड झाला, एवढाच फरक. हे मी त्या काळी तीन वृत्तपत्रांना लिहून कळवले होते. एकाने छापले, तेही अर्धे.

मी विधी विभागातून निवृत्त झालेला माणूस. आजोबा निजामाच्या अदालतीत पेशकार, वडील वकील. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात भांडणसुद्धा मुद्देसूद होत असे. अशा घरात माझ्या धाकट्या लेकीने स्वतःच्या पगारातून विजेवर चालणारी गिटार आणली. ती आठवडाभर शाळेत गणित शिकवी आणि रविवारी लग्नाच्या हॉलमधून सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात वाजवी. त्या मंडळीत बाई अशी ती एकटीच.

गिटार घरात वाजली की भरदार वाटे. हॉलमध्ये कीबोर्ड, ढोलक आणि सॅक्सोफोन एकत्र सुरू झाले की तिचा आवाज चिखलात पाय रुतावा तसा रुतून बसे. ऑर्केस्ट्राच्या मास्टरने लेकीला सरळ सांगितले, "अम्मा, तुम्ही वाजवताना मला दिसता, ऐकू येत नाही. दोन महिन्यांत ऐकू आला नाहीत, तर गाण्यातले तुमच्या वाट्याचे तुकडे कीबोर्डवर घेईन." ती घरी येऊन हे हसत हसत सांगत होती, पण जेवली नाही.

माझ्या मते प्रश्न साधा होता. वस्तू सदोष होती. मी दुकानदाराला पत्र लिहिले, मग कंपनीला, मग दोघांना पोचपावतीसह रजिस्टर्ड स्मरणपत्रे. पोचपावत्या आल्या, उत्तरे आली नाहीत. तेव्हा मी ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. बिल लेकीच्या नावावर, म्हणून तक्रार तिच्या सहीने; मसुदा माझा आणि प्रतिनिधी म्हणून उभा राहणारही मीच. "सदर वाद्याचा स्वर मूलतःच गढूळ व निरुपयोगी आहे," हे वाक्य मी चार वेळा बदलून लिहिले होते. आजही मला ते पाठ आहे.

आणि पुरावा सुरक्षित राहावा म्हणून मी गिटारचा पंचनामा केला. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि खालच्या मजल्यावरचे होमिओपॅथ असे दोन पंच बोलावले. वाद्याची लांबी मोजली, ओरखडे नोंदवले, आणि मागच्या प्लेटच्या सगळ्या स्क्रूंवर लाख ओतून आजोबांचा पितळी शिक्का उमटवला. पंचांना चहा दिला. आमची ही म्हणाली, "माझा मिक्सरही घरघरतो. त्याचाही पंचनामा उरकून टाका, पंच बसलेच आहेत तर."

लेक म्हणाली, "बाबा, मला ती वाजवायची आहे हो."

"वाजव की. उघडायची नाही, एवढंच."

फाइलला एका जाणकाराचे मत जोडावे म्हणून मी तिच्यासह बेगम बाजारच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याला सारे उस्ताद म्हणत. त्याने गिटार अँप्लिफायरला जोडली, तारांखालच्या दोन पिकअपांवर, म्हणजे कंप पकडणाऱ्या चुंबकांवर, स्क्रू-ड्रायव्हरने हलके टकटक केले, कान लावला आणि म्हणाला, "साब, खराबी कुछ बी नैं इसमें."

मी म्हणालो, "मग आवाज गढूळ का येतो?"

"ऐसाच एक माल पिछले महीने खोला मैं. हर पिकअप में दो-दो कॉइलां हैं, एक के पीछे एक जोड़े सो. आवाज मोटी आती. बाजू-बाजू जोड़े तो साफ आती, भनभन बी नैं आती. एकीच कॉइल रखे तो और पतली. छोटा स्विच लगा देतूं, बच्ची को जब जो होना सो ले लेती."

"मग कंपनीने तशी सोय का केली नाही?"

"कंपनी सबके वास्ते बनाती, साब. ये तो इनके वास्ते होना."

मी त्याला जोडणी सदोष आहे असे लिहून द्यायला सांगितले. तो संतापला नाही. संतापला असता तर मला बरे वाटले असते. "झूट कायकू लिखूं? प्लेट खोलो, आधे दिन का काम है." मी गिटार उचलली आणि चालू लागलो. त्याचे मत मी फाइलला जोडले नाही. प्रतिकूल मत जोडण्याचे बंधन तक्रारदारावर नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ऑटोत लेक म्हणाली, "दोष नाहीये, बाबा."

"तो मेकॅनिक आहे, न्यायाधीश नाही."

"येत्या रविवारी मास्टर शेवटचं ऐकणार आहेत."

"सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर पुराव्याला हात लावायचा नाही."

"पुरावा नाही हो तो. माझी गिटार आहे ती."

त्या रविवारी नारायणगुड्याच्या एका हॉलमध्ये लग्न होते. आमंत्रण नसताना मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या गाण्यात सॅक्सोफोन थांबला आणि एक स्वच्छ, सडपातळ आवाज साऱ्या गोंगाटातून वर आला. प्रत्येक स्वर सुटा, तांदूळ निवडून ताटात ठेवावेत तसा. पुढे गाणे चढले तेव्हा तिने गिटारवर बोटाने काहीतरी खटकन फिरवले आणि तोच आवाज रुंद झाला. मास्टरने मान डोलावली. माझ्या शेजारचा अनोळखी गृहस्थ कौतुकाने म्हणाला, "बाग वायिस्तोंदी अम्मायी," छान वाजवते पोरगी. ती माझी मुलगी आहे असे मी त्याला सांगितले नाही. लाख फुटल्याचे मला डोळ्यांआधी कानांनी कळले होते.

घरी मी ओरडलो. पंचांची सही, माझा शब्द, तीन पिढ्यांची अब्रू, सगळे काढले. ती शांतपणे म्हणाली, "मी शनिवारी उस्तादांकडे गेले, स्वतः प्लेट उघडली. तक्रार मागे घ्या ना, बाबा. आता काही तक्रार नाहीये माझी."

मी तक्रार मागे घेतली नाही. जे केले ते लिहितो. मी मेणबत्ती पेटवून नवी लाख ओतली आणि आजोबांचा शिक्का पुन्हा उमटवला. त्या छोट्या स्विचसाठी उस्तादाने जुन्याच एका बटणाची जागा वापरली होती, त्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाडाखोडी पकडल्या, त्याने स्वतःच्या दिवाणखान्यात, भर दुपारी, मुलीच्या देखत पुरावा बनवला.

सुनावणीला कंपनीचा एक तरुण अधिकारी आला होता. माझ्या पत्रांची फाइल त्याने टेबलावर ठेवली आणि दोष मान्य न करता वाद्य बदलून देण्याची तयारी दाखवली. अट एकच, जुने सीलबंद अवस्थेत परत हवे. अध्यक्षांनी विचारले, "सील शाबूत आहे?"

लेक माझ्या बाजूला उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, सांगा ना."

"शाबूत आहे," मी म्हणालो.

तिला बोलता आले असते. तक्रारदार तीच होती. पण ती बोलली असती तर तिचा बाप भर मंचात खोटा ठरला असता, म्हणून ती गप्प राहिली. हे मला तिथेच, त्याच क्षणी समजले, आणि तरीही मी तोंड उघडले नाही. अधिकाऱ्याने गिटार उचलून नेली. ती दारापर्यंत त्याच्या मागे गेली आणि पट्टा तेवढा सोडवून घेऊन आली.

मी तिला म्हणालो, नव्या गिटारमध्ये तेच काम पुन्हा करून घेऊ. या वेळी मी स्वतः येतो. उस्तादाने नवीची प्लेट उघडली, आत बघितले आणि बंद केली. जुन्या पिकअपमधून चार-चार तारा बाहेर येत होत्या, म्हणून कॉइली वेगळ्या जोडता आल्या. नवी गिटार सुधारित मॉडेलची; तिच्यातून दोनच येत होत्या. कॉइली आतल्या आत जोडून वर मेण ओतलेले. "बाल से बी बारीक तार है, साब. खोला तो टूट जाती. पुरानी कां है?"

लेकीने सांगितले, "वापस कर दिए."

पुढच्या महिन्यात तिचे तुकडे कीबोर्डवर गेले. मास्टरने तिला काढले नाही. टाळ्यांचा ठेका धरायला आणि वह्या सांभाळायला राहा म्हणाला. ती दोन रविवार गेली, मग गेली नाही. मी म्हणालो, कंपनीला लिहून जुनी गिटार परत मागतो.

"कारण काय लिहाल?" तिने विचारले.

त्या प्रश्नावर मी आठ दिवस काढले. मग टाइपरायटरवर लिहिले की वाद्यात दोष नव्हता, सील दुसऱ्यांदा मी लावले होते, आणि मंचासमोर मी जे बोललो ते सत्य नव्हते. एक प्रत मंचाला, एक कंपनीला. पाठवण्याआधी ते लेकीला वाचायला दिले. शाळेच्या वह्या तपासता तपासता तिने ते पूर्ण वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाली, "हे तिथे बोलायचं होतं, बाबा."

मी पत्र पाठवले. मंचाने प्रकरण निकाली निघाल्याचे एका ओळीत कळवले. कंपनीचे उत्तर आले नाही, आणि मी स्मरणपत्र लिहिले नाही.