ख्वाजाभाईंची सरळ शिवण

शिंप्याच्या दुकानात चिंध्या आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. चिंध्या तरी उशीत भरता येतात!

नांदेडात आमचं दुकान. मी आणि ख्वाजाभाई, दोघंही सत्तरीचे. मी चौथी नापास, ते तिसरी पास. म्हणून शिक्षणाचा रुबाब त्यांचा!

*

अर्धापूरचा नवरदेव आमच्याकडची स्ट्रेच पँट घालून पंगतीत मांडी घालून बसला. टर्र! वऱ्हाड पांगेपर्यंत पठ्ठ्या जागचा हलला न्हाई. दुसऱ्या दिवशी पँट घेऊन दारात.

ख्वाजाभाईंनी पँट उलटी करून बघितली. "कापड फाटलं का?"

"न्हाई चाचा, शिवण उसवली."

"मग कापड लई भारी हाय!"

*

मी सांगून दमलो, "भाई, कापड ताणतंय, सरळ शिवण ताणत न्हाई. धागा तुटतो. झिगझॅग मारा."

"चाळीस साल सरळ शिवलो. आता म्हातारपणी वाकडं शिकू?"

ते नमाजला गेले तसं मी मशीनचं बटण झिगझॅगवर फिरवून ठेवलं. आल्यावर त्यांनी पँटीचा अख्खा पाय शिवला. चष्मा पुसला. परत बघितलं. आणि मुकाट्यानं डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले.

डॉक्टर म्हणाले, "नजर उत्तम आहे."

तेव्हापासून भाईंचा डॉक्टरवर विश्वास न्हाई!

*

मग लातूरहून खेळाच्या मॅडम आल्या. मुलींच्या कबड्डी टीमसाठी बारा पँटी पाहिजेत.

"मागच्या वर्षी दुसरीकडं शिवल्या. ऐन सामन्यात आमच्या कॅप्टनची उसवली. पोरगी मैदानात बसली ती उठलीच नाही. आता खेळायचंच नाही म्हणते."

ख्वाजाभाईंनी मापं लिहून घेतली. मॅडम गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिवशी फिरवलं होतंस ना, ते बटण दाखव."

*

बारा पँटी झाल्या. भाईंनी तेरावी स्वतःच्या मापाची शिवली. मी विचारलं, "टीममध्ये घेतलं का तुम्हाला?" त्यांनी ती घडी करून आत ठेवली.

मॅडम पँटी न्यायला आल्या, सोबत ती कॅप्टन पोरगी. तिनं शिवण दोन्ही हातांनी ओढून बघितली. तरी तिचं तोंड उतरलेलंच.

"चाचा, नक्की टिकंल का?"

ख्वाजाभाई आत गेले, तेरावी घालून बाहेर आले, आणि "कबड्डी कबड्डी" करत दोन मशीनींच्या मधून माझ्यावर चालून आले! मी नियमाप्रमाणं पाय धरला. त्यांनी ताणला. मी सोडला न्हाई. भाई गपकन खाली बसले, ते उठेचनात.

पोरगी पांढरीफटक. "उसवली का, चाचा?"

ख्वाजाभाईंनी बसल्या जागी शिवणीवरून हात फिरवला.

"पँट शाबूत हाय, बेटा. गुडघा तेवढा सरळ शिवणीचा निघाला!"