वामनरावांची उरलेली वाक्यं

बुधवारा मोहल्ल्यात मंगलाबाईंशी वाद घालायचा म्हणजे वही तपासून घेण्याची तयारी ठेवावी लागे. शाळेतून निवृत्त होऊनही चूक दिसली की त्यांना राहवत नसे. लाल पेनाच्या जागी मोबाईल आला होता, एवढंच. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय रंगला होता: हे बोलणारं एआय, त्याला खरंच काही कळतं का?

बाईंनी ठणकावून लिहिलं, "कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो ते शिकून जुळवतं. सवयीचं बोलणं म्हणजे कळणं नव्हे. आत कोणीही नाही."

याच क्षेत्रात काम करणाऱ्या इंदूरच्या जितेंद्रनं उत्तर दिलं, "मॅडम, जुळवतं हे बरोबर. पण जुळवता जुळवता आत काय तयार होतं, याचा शोध अजून चालू आहे. नुसत्या बोलण्यावरून 'आहे' म्हणता येत नाही, तसं 'नाही'ही म्हणता येत नाही. तुम्ही कशावरून ठरवता?"

मुलगा आदबीनं विचारत होता. बाई उत्तर लिहू लागल्या, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "आओ भाभी, बैठो. रंग जाणार नाही, गॅरंटी."

बाहेर कोणी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांच्या यजमानांनी, वामनरावांनी, जन्मभर साड्यांचं दुकान चालवलं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून असली चार वाक्यंच उरली होती. शेजारची शोभा म्हणे, "भाऊंना सगळं समजतं, हां." बाईंनी तेवढंच धरून ठेवलं होतं. आता मोबाईलवरचं स्वतःचंच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं: सवयीचं बोलणं म्हणजे कळणं नव्हे.

त्यांनी चहा केला आणि वामनरावांच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं. लाज वाटली, तरी घातलं.

वामनरावांनी घोट घेतला. "छान झालाय," ते रोजच्यासारखंच म्हणाले.

रोज ते अर्धा चहा बशीत ओतून बायकोपुढे सरकवत. ही लग्नापासूनची रीत आजारातही सुटली नव्हती. आज त्यांनी बशीला हात लावला नाही. सगळा चहा एकट्यानं, सावकाश संपवला.

बायकोच्या तोंडी मीठ लागू नये म्हणून, की ओतायचंच विसरले?

"अहो, कळलं ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"आओ, बैठो," वामनराव म्हणाले.

त्या बसल्या, रडल्या. मग जितेंद्रला लिहिलं, "माझं वाक्य मागे घेते. कशावरून ठरवायचं, मला माहीत नाही."

त्यांनी पुन्हा चहा टाकला, साखर घालून, आणि बशी वामनरावांच्या हाताशी ठेवली.