फिकी कलौंजी

कलौंजीत मरण सोडून प्रत्येक आजाराची दवा आहे. हे वाक्य अब्बांनी मला बीडच्या एसटी स्टँडवर ऐकवलं, तेव्हा बस मागे घेतली जात होती आणि कंडक्टर "पुणे, पुणे" ओरडत होता. माझा तेव्हाचा आजार नोकरी नसणं हा होता. त्यावर कलौंजी चालल्याचं अब्बांच्याही ऐकण्यात नव्हतं. तरी त्यांनी खिडकीतून अम्मीने भरलेली कलौंजीची बरणी आत सरकवली. "सुबह निहार मुँह एक चुटकी, शहद के साथ. मौत छोड के सबपे चलती." सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, आणि शहद, म्हणजे मध, माझा मीच आणायचा होता.

घरी ते काळं बी सगळीकडे असायचं. अम्मीच्या कैरीच्या अचारात, रमजानमधल्या रोटीवर, सर्दी झाली की हुंगायच्या पुरचुंडीत. चाकणला सहा जणांच्या खोलीत ती बरणी माझ्या ट्रंकेत पडून राहिली. पुढे मोशीत वन बीएचके झाला, निकाह झाला, बरणीही सोबत आली. मुंग्यांनाही तिच्यात रस नव्हता.

चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली ती इनकमिंग इन्स्पेक्शनची. बाहेरून आलेला माल मोजायचा, केसभर फरक असला तरी परत पाठवायचा. कुणाच्या शब्दावर मी एक वॉशर आत घेतलेला नाही. शिफ्टमधली पोरं म्हणतात, "राव, तू सासऱ्यालाही गेज लावून बघितला असशील."

अम्मी गेल्यावर अब्बांना मोशीला आणलं. शुगर जुनीच होती, आता पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. गोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटी तह झाला. मी कलौंजी आणायची, त्यांनी गोळी घ्यायची. जुनी बरणी उघडली तर आत नुसता भुगा. मग पहिली शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या बाजारात गेलो. एका बाईपुढे काळ्या बियांची थैली होती.

"कलौंजी का, मावशी?"

"व्हय, हाय की. किती देऊ?"

मी चिमूटभर तळहातावर घेतली. काळी, कोनदार. अर्धा किलो घेतली.

अब्बांनी चावून बघितली. "फीकी है."

मी हसलो. त्यांना इथलं सगळंच फिकं लागायचं. पाणी, भाकरी, मटण, मशिदीतल्या लोकांचा सलामसुद्धा. माझी बायको नसीम म्हणाली, "अब्बा, तुमको तो मेरी चायभी फीकी लगती."

"चाय में तू शक्करच नहीं डालती."

गावाहून आपाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, रोज फोन यायचा. अब्बा तिला अभिमानाने सांगायचे, कलौंजी चालू आहे. मी कामावर असायचो. तीन महिन्यांनी उशीचा अभ्रा बदलताना नसीमला गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही गोळी काढलेली नव्हती.

"कायकू नहीं खाए, अब्बा?"

"कलौंजी खा रहा ना."

डॉक्टरांनी आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. त्यांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? मी म्हणालो, सुरूच झाल्या नव्हत्या. शेवटच्या दिवशी वॉर्डात माझ्या तोंडून निघून गेलं, "अब्बा, आणि ती कलौंजी?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"मौत छोड के, बोला था मैं."

गावाकडे न्यायला आपाने सांगितलं होतं, पण दफन इथेच झालं. कब्रस्तानातल्या माणसाने वही उघडून विचारलं, "कुठले?" अकरा वर्षं मी या प्रश्नाला बीड म्हणत आलो होतो. त्या दिवशी मोशी म्हणालो. जे गाव सोडून आले, त्यांना ठाऊक आहे. फ्लॅट घेऊन माणूस गावाचा होत नाही. आपलं माणूस तिथल्या मातीत ठेवून आला की होतो.

उरलेली कलौंजी अम्मीच्या बरणीत भरून ठेवली. मूठभर जास्त झाली. अब्बांच्या तोंडची चीज कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून नसीमने ती बाल्कनीतल्या कुंडीत पसरली. तीन आठवड्यांनी बारीक हिरवे दोरे उभे राहिले. मी एक खुडून चुरगळला. बीडच्या माणसाला कांद्याची पात वासावरून कळते.

चाळिसाव्याला आपा आली. अब्बा इतके महिने जगले ते त्या कलौंजीमुळेच, असं तिचं म्हणणं. तिने कुंडी बघितली. "ये क्या लगाए?"

"कांदा," मी म्हणालो. कशातून उगवला, ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बरणी ती घेऊन गेली. "इसमें अब्बा की शिफा है," म्हणाली; शिफा म्हणजे आजार बरा करणारा गुण. तिलाही आता शुगर निघाली आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यापुढे धरायला लावतो आणि रिकाम्या खाचा मोजतो. सात झाल्या की फोन ठेवतो. बरणीतलंही ती रोज चिमूटभर घेते. मी डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे. कांद्याच्या बियांनी काही होत नाही, म्हणाले.