दोन खुराडी, चाळीस पिल्लं

चौदा मार्चला मेहुण्याने सरांच्या पुढ्यात एकसष्ट हजार चारशे पन्नास रुपये आपटले. "पिल्लं, खुराडी, सगळं यात बसवा. आणि मे महिन्यात सहीचा अहवाल हातात द्या."

मेहुण्याचा कोंबडीखाद्याचा कारखाना होता. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि बायकोसह मेहुण्याच्याच माडीवर बिनभाड्याने राहत. हे तो चारचौघांत ऐकवल्याशिवाय राहत नसे. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

सरांनी कारखान्यामागच्या शेडमध्ये दोन खुराडी बांधली. एकात वीस पिल्लांना जुनं खाद्य, दुसऱ्यात वीस पिल्लांना नवं. सहा आठवड्यांनी नव्या खाद्याची पिल्लं सरासरी नव्वद ग्रॅम जास्त भरली. सरांनी टी-चाचणी लावली. खाद्याने काहीच फरक पडत नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून जास्त तफावत दिसण्याची शक्यता शंभरात तीन. मेहुण्याने पोती छापायला टाकली.

अहवाल लिहायचा म्हणून सर शेडमध्ये गेले आणि नव्या खाद्याच्या खुराड्यापाशी भिंतीला टेकले. पाठीला चटका बसला. भिंतीपलीकडे कारखान्याचा बॉयलर होता.

"सही होणार नाही," त्यांनी मेहुण्याला येऊन सांगितलं. "वजन खाद्याने वाढलं की उबेने, कळायला मार्ग नाही."

"चाळीस पिल्लं तोललीत ना?"

"पिल्लं चाळीस, पण खुराडी दोनच. एका घरातल्या वीस जणांनी एकच ऐकीव गोष्ट सांगितली, तर साक्षीदार वीस होत नाहीत. दर खाद्याला पाच-सहा खुराडी हवीत, आणि कुठल्या खुराड्याला कुठलं खाद्य हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं."

"ही अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, भावोजी?"

"चूक माझीच. पण चुकीखाली सही करणार नाही."

"खायचं आमचं आणि गायचं दुसऱ्याचं! मग माडी रिकामी करा."

सरांची बायको दारात उभी होती. "दादा, सहीच हवी ना? माझी घे. कोंबड्यांतलं तुझ्याइतकं मलाही कळतं."

"तूही चालती हो!"

सरांच्या हातची माडी गेली होती. तरी मेहुण्याचा पडलेला चेहरा बघून त्यांना बरं वाटलं.

एक तारखेला दोघं भाड्याच्या एका खोलीत गेली. मेहुण्याने दुसऱ्या कुणाची तरी सही आणली, पोती बाजारात गेली. बोलणं कायमचं बंद झालं. सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याचे दीडशे रुपये सरांकडून अजून यायचे आहेत.