बेसच्या खाली झोपलेली बाई

खालच्या गार्थ या शेतावरची मीमी हार्कस रोज अकरा वाजता शाळेच्या जुन्या हॉलमध्ये मसुरीच्या सूपचा टोप चढवायची. आमच्या बेटावरची शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण दर जुलैत जुन्या वस्त्या खणणारी मंडळी येतात आणि हॉलमध्ये पुन्हा गलका सुरू होतो. मीमीचं वय तेव्हा बहात्तर होतं. मी तिच्या हाताखाली कांदे चिरायला आणि जवाच्या भाकऱ्यांना लोणी लावायला असायचे. लोणी जास्त लागलं की ती चाकूनं खरवडून परत डब्यात टाकायची.

खणण्याचं काम तिच्याच कुरणाच्या टोकाला, किनाऱ्यावरच्या वाळूच्या उंचवट्यावर चालायचं. वरच्या थरात व्हायकिंग लोकांची लांबट घरं होती, त्यांच्या खाली पाच हजार वर्षांपूर्वीची. त्या जुन्या घरांत भिंतीला लावलेली दगडी फडताळं अजून उभी आहेत. मीमी पहिल्यांदा ती बघायला गेली तेव्हा म्हणाली, "माझ्यापेक्षा दोन फळ्या जास्त आहेत बाईला. आणि पुसायला सोपं." फडताळ कुणा बाईचंच असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

दर हिवाळ्यात समुद्र त्या उंचवट्याचा एक घास घेतो. ऑक्टोबर आला की आम्ही सगळे वाळूची पोती भरून कडेला रचतो, वर ट्रॅक्टरची जुनी टायरं टाकतो. निम्मी पोती मार्चपर्यंत वाहून जातात. म्हणून खणणाऱ्यांना घाई असते.

त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, त्यांना घोडा सापडला. अख्खा सांगाडा होता, पाय दुमडलेले, मान वळवलेली. व्हायकिंग लोक मोठ्या माणसाबरोबर घोडा पुरायचे, त्यामुळे दुपारी हॉलमध्ये कुणाचं सूपकडे लक्ष नव्हतं. त्यांची मुख्य मॉरवेन पंचेचाळिशीची, एरवी मोजून बोलणारी बाई. तीसुद्धा भाकरी हातात धरून उभ्याउभ्या बोलत होती. मीमीनं एकाच वाडग्यात दोनदा सूप वाढलं. ते टेबलावर सांडलं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं.

मंगळवारी घोड्याचे पाय मोकळे झाले आणि खुरांना नाल निघाले. कारखान्यातले नाल, कारखान्यातले खिळे.

"कुणाच्या तरी आजोबांचा नांगराचा घोडा," मॉरवेन म्हणाली. चेहरा पडला होता, पण हसत होती. "चूक आमचीच. उद्या तो चर बुजवतो आणि उरलेले तीन दिवस जुन्या घरांकडे लावतो. शनिवारी बोट आहे."

"बुजवणार?" मीमीनं विचारलं.

"काय करणार मग? नांगराच्या घोड्यासाठी कोण पैसे देतं, मीमी."

मंडळी परत कामावर गेली. मीमी भांडी घासायला उभी राहिली, मी पुसायला. चौथा वाडगा झाल्यावर ती पाण्याकडे बघत म्हणाली, "घोडा नाही. घोडी. बेस."

मग तिनं सांगितलं. पंचावन्न सालचा उन्हाळा. आई, आयडा, आदल्या हिवाळ्यात गेलेली. ट्रॅक्टर येऊन वर्ष झालं होतं, पण बाबांनी, म्हणजे सिंक्लेअर हार्कसनं, बेसला विकलं नव्हतं. ती एका सकाळी कुरणातच आडवी झाली. एवढं जनावर पुरायचं तर मऊ वाळू हवी, आणि आमच्याकडे सगळेच मेलेली जनावरं त्या उंचवट्यात पुरायचे. बाबा खणत होते, अकरा वर्षांची मीमी शेजारी बसली होती. कुदळ दगडी फरशीला लागली. फरशी सरकवून बाबांनी आत पाहिलं आणि तिला म्हणाले, घरी जा, पोतं आण. ती पोतं घेऊन आली तेव्हा फरशी परत जागेवर होती आणि बाबा वाळू ओढत होते.

"म्हणाले, खाली एक बाई आहे. छातीवर वाट्यांसारख्या दोन पिना आहेत. आपण हिला त्रास द्यायचा नाही. वर बेस राहील, दोघींना एकमेकींची सोबत. आणि माझा हात हातात घेऊन शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही."

"का पण?"

"का ते तुला माहीत नाही? उंचवट्यात पुरलेल्याला डिवचलं की गोठ्यात जनावर मरतं, असं माझी आजी छातीठोकपणे सांगायची. बाबांचा विश्वास नव्हता. पण आई गेली होती, घोडी गेली होती. तिसरं काही जाऊ नये म्हणून माणूस विश्वास ठेवतो."

मी म्हटलं, "मीमी, कडेपासून तो चर किती लांब आहे?"

"नऊ पावलं. सकाळीच मोजलं."

एका हिवाळ्यात कधी सात पावलं जातात, कधी बारा. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिनं फडकं पिळलं, दांडीवर टाकलं, आणि सूपचा डबा भरून म्हणाली, "चल, आत्याकडे जायचंय."

थोराआत्या म्हणजे सिंक्लेअरची धाकटी बहीण. तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची. आयडा गेल्यावर भावाचं घर सांभाळायला आली ती राहिलीच. लग्न केलं नाही. गाईंच्या धारा काढल्या, मीमीला मोठं केलं, आणि मीमीचं लग्न झाल्यावर गुपचूप वरच्या लहान घरात राहायला गेली. मीमी रोज तिच्याकडे जेवण पोचवायची, कोळसा भरायची, खिडक्या पुसायची. एका गोष्टीला मात्र हात लावायची नाही: आत्याचे केस. ते करायला आठवड्यातून दोनदा दुसरी बाई यायची.

कारण सगळ्या बेटाला माहीत होतं. आयडाचा एक कंगवा होता, चांदीच्या पाठीचा, लग्नातला. आत्या घरात आली, तिनं वहिनीच्या कपाटाचे खण आवरले, आणि त्याच उन्हाळ्यात कंगवा नाहीसा झाला. पंधरा वर्षांची असताना मीमी जेवणाच्या टेबलावर म्हणाली होती, "आईचा कंगवा तुझ्याकडे आहे." आत्या म्हणाली, "नाही." बाबा अर्ध्या ताटावरून उठून गोठ्यात गेले. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही, आणि कुणी विसरलंही नाही.

आत्यानं सूपचा वास घेतला. "आज मीठ आहे का, की कालचंच औषध?"

"आहे. आत्या, एक विचारायचंय."

मीमीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. आत्या ऐकत राहिली. बेसचं नाव आलं तेव्हा फक्त चमचा खाली ठेवला.

"म्हणजे त्याचं हे होतं," ती म्हणाली. "दोन दिवस जेवला नव्हता. मला वाटलं घोडीसाठी."

"मी शपथ मोडू का?"

"मला का विचारतेस? मी काय पाद्री आहे?"

"घरातलं मोठं आता तूच उरलीस."

आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. तिथून मीमीचं कुरण दिसतं आणि कुरणापलीकडचा फेस. "तुझ्या बापानं शपथ घातली तेव्हा समुद्र दोन शेतं लांब होता," ती म्हणाली. "त्याला म्हणायचं होतं, बाईला त्रास नको. गप्प बसलीस तर फेब्रुवारीत तिचं डोकं खेकडे खातील. हा त्रास नाही का? जा, सांग. आणि दार ओढून घे, वारा येतो."

बुधवारी सकाळी मॉरवेननं फावडं हातात घेतलेलं असताना मीमी एप्रनवरच चराशी पोचली. चौदा शिकलेल्या माणसांसमोर तिला बोलायचं होतं. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "घोडी माझी आहे. तिच्या खाली बघा."

बेसची हाडं त्यांनी एकेक उचलून खोक्यांत ठेवली. खाली फरशी होती. गुरुवारी दुपारी फरशी उचलली, आणि त्या दिवशी सूप हॉलमध्ये नाही, चराच्या कडेला वाढलं गेलं. दोन वाट्यांसारख्या पिना होत्या, हिरव्या पडलेल्या. मण्यांची ओळ होती. डोक्याशी हरणाच्या शिंगाचा एक जुना कंगवा होता, कुदळीच्या घावानं दोन तुकडे झालेला. ते तुकडे कुणीतरी एकमेकांना नीट लावून ठेवले होते. शेजारी काळी पडलेली एक पट्टी होती.

मॉरवेन ब्रशनं ती साफ करत होती. मग थांबली. "हे हिचं नाही," ती म्हणाली. "यावर इंग्रजी अक्षरं आहेत. आय आणि एच."

मीमी वाळूत बसली. माझ्या हातातला पळा तसाच राहिला.

फरशी सरकवताना कुदळ आत घसरून सिंक्लेअरनं त्या बाईचा कंगवा मोडला होता. मग मीमी पोतं आणायला गेली असताना त्यानं बायकोचा कंगवा, खिशातच बाळगत असणार तो, तिला दिला. मोडलं त्याची भरपाई. आयडाच्या कंगव्याचे लाकडी दाते कधीच कुजून गेले होते, चांदीची पाठ तेवढी राहिली होती. आणि हे सगळं माहीत असून तो माणूस चार वर्षांनी जेवणाच्या टेबलावरून उठून गोठ्यात गेला.

"ही वस्तू तुमची आहे," मॉरवेन मीमीला म्हणाली. "बाकी सगळं संग्रहालयात जाईल, पण यावर तुमचा हक्क आहे. कागद करून देते."

मीमीनं पट्टी तळहातावर घेतली, बोटानं अक्षरं चाचपली, आणि परत दिली. "बाबांनी तिला दिलीय. तिच्याबरोबर जाऊ दे. खोक्यावर लिहा फक्त, की आयडा हार्कसकडून." मग म्हणाली, "तुमचे उपकार आहेत मॉरवेन. नाल बघून तुम्ही चर लगेच बुजवला असता तर मी गप्पच राहिले असते. एक रात्र दिलीत."

"रात्र दिली नाही हो, वेळच मिळाला नाही बुजवायला," मॉरवेन म्हणाली.

"तेच ते."

शनिवारी बोट सुटली. धक्क्यावर आम्ही आठ-दहा जण होतो. त्या बाईचं खोकं मॉरवेननं गाडीत न ठेवता मांडीवर घेतलं होतं. दोनच वर्षांनी जिथे चर होता तिथे नुसते गोटे राहिले.

धक्क्यावरून मीमी सरळ वरच्या घरी गेली, आणि भाकऱ्यांची टोपली माझ्याकडे असल्यामुळे मीही. आत्या खुर्चीत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. आमच्याकडे बातमीला बोट लागत नाही.

मीमी दाराशी उभी राहिली. "एकसष्ट वर्षं, आत्या."

"मोजता येतं मला."

"तू एकदाच नाही म्हणालीस. पुन्हा का नाही म्हणालीस?"

"एकदा पुरे होतं. आणि तुझी आई नव्हती. राग धरायला तुला कुणीतरी हवं होतंच, मी घरातच होते." आत्यानं गुडघ्यावरची शाल नीट केली. "तुझा बाप मात्र मेला भित्रा होता. गोठ्यात जाऊन गाईंना सांगितलं असेल त्यानं, मला नाही."

मीमीनं कोट काढून खुंटीला लावला. शेगडीवर पाणी ठेवलं. मग आत्याच्या पलंगाजवळच्या खणातून साधा, दुकानातला प्लॅस्टिकचा कंगवा काढला, खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि आत्याच्या केसांतल्या पिना एकेक करून काढायला लागली. केस पांढरे, विरळ, खांद्यापर्यंत. मी भाकऱ्यांना लोणी लावत होते. त्या दिवशी मी भरपूर लावलं आणि मीमीनं खरवडलं नाही.

एका ठिकाणी गुंता लागला.

"हळू," आत्या म्हणाली. "मी काही हजार वर्षं जुनी नाही."

"असतीस तर ब्रशनं साफ केलं असतं," मीमी म्हणाली, आणि गुंता बोटांनी सोडवायला लागली.